दीड मिलीमीटर

एक मूठ वळा आणि छातीसमोर धरा. हा झाला पिस्टन. आता दुसऱ्या हाताचं एक बोट वरून खाली आणा. हा व्हॉल्व्ह. मूठ वर आली की बोटानं वर पळायचं, मूठ खाली गेली की बोटानं खाली यायचं. सावकाश करून बघा, जमेल. आता अशी कल्पना करा, की तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत हे शंभर वेळा होतंय आणि दोघांची टक्कर एकदाही होऊन चालणार नाही. दोघांच्या मधली जागा किती हवी? दीड मिलीमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. वेगात धातू ताणला जातो, म्हणून एवढी तरी हवीच.

ती जागा मुलगी मोजत होती. पिस्टनच्या माथ्यावर तिनं खेळायच्या रंगीत मातीची चकती दाबून बसवली होती. माती चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं होतं. बाबांनी वरून हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं झाकण, बसवून बोल्ट आवळले, तिनं पान्यानं इंजिन दोनदा हळूच फिरवलं, मग हेड पुन्हा उतरवलं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता. तिनं पात्यानं तो मधोमध कापला आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावला.

“एक पूर्णांक साठ.”

“नक्की?” बाबांनी विचारलं.

“दोनदा मोजलं.”

तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर मामा बसला होता. मोटारसायकलच्या शर्यतीत हे इंजिन तोच पळवणार होता.

“इन्स्पेक्टरबाईंनी पास केलं म्हणजे झालं,” तो भाचीकडे बघत म्हणाला. “तुझ्या बापाच्या शब्दावर मी सायकलसुद्धा चालवत नाही.”

“सायकल चालवायला तरी कुठे येते तुला?” बाबा म्हणाले.

मुलीनं हेडची उंचीही मोजली आणि वहीत लिहून ठेवली : ब्याण्णव पूर्णांक चाळीस. लागो न लागो, माप लिहून ठेवायचं, हे बाबांनीच शिकवलं होतं. हेड खालून घासलं की पिस्टनच्या वरची जागा आवळते, स्फोट जोरात होतो, इंजिनाची ताकद वाढते. पण व्हॉल्व्हही तेवढाच पिस्टनच्या जवळ येतो, हेसुद्धा त्यांनीच शिकवलं होतं.

शुक्रवारच्या सरावात दुसऱ्या गॅरेजची गाडी सरळ रस्त्यावर मामाला दोनदा मागे टाकून गेली. शनिवारी मुलगी शाळेत होती.

रविवारी चौथ्या फेरीत, इंजिन मिनिटाला चौदा हजार गिरक्या घेत किंचाळत असताना, आवाज एकदम तुटला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मामा हँडलवरून पुढे फेकला गेला. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं.

दवाखान्याच्या बोळात शर्यतीची पाच-सहा मंडळी बाबांभोवती उभी होती. मुलगी बाकावर आईला चिकटून बसली होती.

“व्हॉल्व्ह आपटला म्हणे,” कुणीतरी म्हणालं. “मापात काही चुकलं का हो?”

बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

“माप पोरीनं घेतलं होतं,” ते म्हणाले. “लहान आहे. होतं कधीकधी.”

तिला कुणी रागावलं नाही. एकानं तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. आईनं तिचं डोकं कुशीत ओढून घेतलं. पुडा न फोडता ती तशीच बसून राहिली.

त्यानंतर महिनाभर ती घरातलं जे हाताला लागेल ते मोजत होती. नाणी, पेन्सिली, शर्टाची बटणं, आईच्या सुया. व्हर्नियरवरची एखादी रेघ आपण चुकून पुढची वाचतो की काय, हे तिला बघायचं होतं. प्रत्येक माप दोनदा सारखंच यायचं. तेल लावलं होतं का? लावलं होतं. माती सरकली होती का? आठवत नव्हतं. आणि आठवत नाही म्हणजे सरकलीच असणार, असं तिला वाटायचं.

मामाचं प्लॅस्टर निघालं, पण मनगट वळेना. मूठ वळायची, अ‍ॅक्सिलरेटर पिळता यायचा नाही. एके दिवशी तो गॅरेजच्या दारापर्यंत येऊन गेला.

“जाऊ दे गं बाळ,” तो तिला म्हणाला. “मनाला लावून घेऊ नकोस.”

बाळ म्हणाला. इन्स्पेक्टरबाई म्हणाला नाही.

फुटलेलं इंजिन कोपऱ्यात पोत्याखाली पडून होतं. कामाचे बोल्ट काढून घे, बाकी भंगारात टाकू, असं बाबांनी सांगितलं तेव्हा ती ते सोडवायला बसली. दोन व्हॉल्व्ह वाकले होते. पिस्टनच्या माथ्याला चंद्रकोरीसारखी खाच पडली होती. हेड तिनं रॉकेलनं धुतलं, पुसलं आणि सपाट पाट्यावर ठेवून, महिनाभराच्या सवयीनं, त्याची उंची घेतली. मग दुसऱ्या कोपऱ्यात घेतली. मग तिसऱ्या.

“बाबा, हेड एक्क्याण्णव पूर्णांक नव्वद आहे.”

“असेल.”

“मी घेतलं तेव्हा ब्याण्णव चाळीस होतं. वहीत आहे.”

“एवढं आपटल्यावर—”

“आपटल्यावर धातू वाकतो, तडकतो,” ती म्हणाली. “सगळीकडून सारखा पातळ नाही होत. तुम्हीच सांगितलंय.”

बाबांनी फडक्याला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी ते पुसतच राहिले.

“ताकद कमी पडत होती,” शेवटी ते म्हणाले. “शुक्रवारी बघितलंस ना तू? अर्धा मिलीमीटर घेतला फक्त. चालून जातं पुष्कळदा.”

“मामाला माहीत आहे?”

“आता सांगून त्याचं मनगट वळणार आहे का?”

तिनं व्हर्नियर मिटला.

“हे बघ,” बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले. आवाज खाली आला. “तू लहान आहेस. तुझी चूक लोक हसून सोडून देतात. माझी म्हटलं, तर उद्या या दारात एक गाडी उभी राहायची नाही. मग खायचं काय आपण?”

तिनं हेड उचलून भंगाराच्या पिंपात ठेवलं. टाकलं नाही, दोन्ही हातांनी ठेवलं.

पुढच्या आठवड्यात परगावचं एक गिऱ्हाईक इंजिन घेऊन आलं. बाबांनी हेड घासून तयार केलं, आणि माती, तेल, व्हर्नियर सगळं मुलीसमोर मांडलं.

“ही मोजणार?” गिऱ्हाईक हसलं. “गाडी पळवायची आहे हो, भातुकली नाही खेळायची.”

“हिचं माप चुकत नाही,” बाबा म्हणाले. एकदम मोठ्यानं म्हणाले. मग मुलीकडे एक नजर टाकून चटकन दुसरीकडे बघू लागले.

तिनं माती दाबली, इंजिन फिरवलं, ठसा कापला.

“एक पूर्णांक सत्तर.”

गिऱ्हाईक खूश झालं. बाबा त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेले.

मुलगी उठली. खणातून तिनं सगळ्यात बारीक टोकाचा पंच काढला आणि छोटी हातोडी घेतली. हेड पालथं केलं. खालच्या सपाट बाजूला, गॅस्केटची पातळ चकती बसते त्याच्या बाहेर, अगदी कडेच्या कोपऱ्यात पंच टेकवून हलकेच एक ठोका दिला. टिंब उमटलं, नखाला जेमतेम लागेल एवढंच खोल. या बाजूवरून कुणी केसभर जरी धातू काढला, तर सगळ्यात आधी हे टिंब पुसलं जाणार होतं.

ठोक्याचा आवाज ऐकून बाबा दारात आले. त्यांनी पंच बघितला, हेड बघितलं, टिंबाची जागा बघितली. त्यांना काही विचारावं लागलं नाही. ते चौकटीला हात लावून तिथेच उभे राहिले.

मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग हेड हळूच फिरवून घेतलं, आणि त्यांच्या देखत समोरच्या कोपऱ्यात दुसरं टिंब ठोकलं.