धावजीच्या कानातलं गाणं

दारव्ह्याच्या बाजार समितीसमोर कुणाचं तरी पोतं फाटून सोयाबीन सांडलं होतं. विमलताईंचा पाय नेमका त्या दाण्यांवर पडला आणि त्या भर रस्त्यात घसरून पडल्या. डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा विमलताईंनी पहिला प्रश्न विचारला, "मग पेटी?"

"पेटी तर उजव्या हातानं वाजवतात ना?"

"अन् भाता कोण मारन, तुमी?"

डॉक्टर हसले, पण विमलताईंना हसू आलं नाही. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. चर्चमधली पेटी मात्र एकतीस वर्षांत सुटली नव्हती. वेदीच्या डाव्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून ती ठेवलेली असे. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगायचा, विमलताईंनी सूर धरायचा, आणि मागून मंडळींनी गायचं. त्यांच्या पाठीमागे नक्की काय चालतं, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. एक गोष्ट तेवढी त्यांना ठाऊक होती. मागच्या बाकांवरून कुणाचा तरी जाड आवाज नेहमी अर्धी ओळ उशिरा येई. सगळ्यांचं गाणं संपलं, की तो आपला एकटा येऊन पोचे. विमलताई तेव्हा भाता जोरात मारून तो आवाज झाकून टाकत.

आता पेटीवर निशिगंधा बसणार होती. कॉलेजात शिकणारी मुलगी, विमलताईंचीच शिष्या. तिच्या चुका मोजत पुढे बसायची त्यांची तयारी नव्हती. शिवाय प्लास्टर पाहून जो तो "कसं पडल्या, बाई?" विचारणार. म्हणून त्या रविवारी त्या अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या बाकावर आधीच धावजी आणि रामीबाई बसले होते. जवळच्या बंजारा तांड्यावरचं हे वयस्क जोडपं. दर रविवारी काळीपिवळी जीपमधून येणारं. बाकी सगळे पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसत. हे दोघं तेवढे खांद्याला खांदा लावून.

पहिलं गीत सुरू झालं आणि रामीबाई नवऱ्याच्या कानाशी लागून कुजबुजायला लागली. विमलताईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी वर्गात पाहायच्या तशा नजरेनं पाहिलं. रामीबाई गप्प झाली. तिच्याबरोबर धावजीही गप्प झाला. मग उपासना संपेपर्यंत दोघं मान खाली घालून बसले.

बाहेर चपला घालताना विमलताईंना राहवलं नाही. "रामीबाई, घरी बोलाले वेळ नाही भेटत काय? गीत चालू असताना कायले बोलून राह्यल्या होत्या?"

रामीबाईनं पदर सावरला. "बोलत नव्हती, बाई. यायले अक्षर येत नाही. मी बचत गटात सही शिकली, तवा वाचाले बी शिकली. पुस्तकात पाहून मी ओळ सांगतो, मंग हे म्हनते."

"दर ओळ?"

"दर ओळ. म्हून तर हे मांगं राह्यते."

विमलताईंना आता उलगडलं. तो जाड आवाज धावजीचा होता तर. आणि तो झाकायला आपण इतकी वर्षं भाता मारत होतो. त्यांना लाज वाटली, आणि का कोण जाणे, थोडं हसूही आलं.

"धावजीभाऊ, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या.

"कायची चूक, बाई. तुमची पेटी मोठ्यानं वाजे, तर मले बरं वाटे. माझा आवाज कोनाले ऐकू नाही येत म्हून मी अजून मोठ्यानं म्हनो."

पुढचे दोन रविवार विमलताई त्याच बाकावर बसल्या. निशिगंधाच्या चुका मोजायचं त्या विसरूनच गेल्या, कारण पाहण्यासारखं खूप होतं. वामनराव प्रार्थनेला डोळे मिटत आणि 'आमेन'नंतरही उघडत नसत, त्यांच्या बायकोला कोपर मारावं लागे. पापांच्या कबुलीच्या वेळी शकुबाईच्या डोळ्यांतून न चुकता पाणी येई, आणि आशीर्वादाच्या वेळी सगळ्यांत मोठं हसूही तिचंच. एकतीस वर्षं आपण या लोकांसाठी वाजवलं, पण यांच्यात बसलो नाही, असं विमलताईंच्या मनात आलं.

चौथ्या रविवारी धावजी एकटाच आला.

"रामीबाई?"

"दिग्रसले गेली. पोरीचं पयलं बाळंतपन हाय."

पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला. धावजीनं पुस्तक हातात घेतलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो जमिनीकडे पाहत राहिला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. विमलताई सरकून त्याच्याजवळ बसल्या आणि त्याच्या कानाशी वाकल्या.

"रिते माझे हात, देवा, भरलं तुझं दार."

शाळेतला आवाज तो, हळू निघेचना. पुढच्या दोन बाकांवरची माणसं वळली. धावजीनं मात्र मान डोलवली आणि खणखणीत आवाजात ती ओळ म्हटली.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. गाणं पुढे पळे. ओळ वेळेच्या आधी सांगावी लागे. सांगताना स्वतःला गाता येत नसे. विमलताईंना दम लागला. हे गीत त्या एकतीस वर्षं वाजवत होत्या. कुठली पट्टी दाबायची, कुठे श्वास घ्यायचा, हे बोटांना पाठ होतं. शब्दही पाठ होते. पण आज ते एकेक करून दुसऱ्याच्या हाती द्यायचे होते, तेव्हा प्रत्येक शब्द आधी त्यांच्यापाशी थांबत होता. तिसऱ्या कडव्यात 'रिते माझे हात' पुन्हा आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या थांबल्या.

धावजीनं हळूच खांदा लावला. "बाई, समोरचं सांगा. गानं चाललं न."

विमलताईंनी डोळे पुसले आणि पुढची ओळ सांगितली.

त्या दिवशी धावजीचा आवाज सगळ्यांनंतर आला तेव्हा पाळकसाहेब गीताचं पुस्तक मिटता मिटता थांबले. सगळी मंडळीही त्याची ओळ संपेपर्यंत तशीच बसून राहिली. बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, हात बरा झाला की पेटीवर येता ना?"

"एक रविवार येईन. एक रविवार निशिगंधाच वाजवन," विमलताई म्हणाल्या. "मले बी उपासनेले बसा वाटते कधी."

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात रामीबाई परत आली. नात झाली होती. रविवारी चर्चच्या दारात तिनं सगळ्यांना पेढा दिला आणि आपल्या जागेवर येऊन बसली. पेटीवर निशिगंधा होती. गीत सुरू झालं, तशी रामीबाई सवयीनं नवऱ्याकडे वाकली.

विमलताईंनी तिच्या दंडाला हात लावला. "यायले मी सांगतो. तुमी गा."

"मी?" रामीबाई म्हणाली. "मी नाही गायली कधी, बाई. सांगन्यातच गानं संपे."

"म्हून तर म्हनतो."

रामीबाईनं पुस्तक उघडलं. पहिली ओळ तिनं नुसतीच वाचल्यासारखी म्हटली. दुसऱ्या ओळीला तिचा सूर सापडला. आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता, तांड्यावर तीजेच्या सणाला बायका गातात तसा लांब जाणारा. पुढची शकुबाई मागे वळून पाहू लागली. निशिगंधानंही पेटीवरून मान वर केली.

विमलताईंनी धावजीच्या कानात ओळ सांगितली. त्यानं ती म्हटली नाही. त्यांनी पुन्हा सांगितली.

धावजीनं हात वर करून त्यांना थांबवलं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे तो तोंड उघडं ठेवून पाहत होता.

"थांबा, बाई," तो म्हणाला. "आयकू द्या."