काय सोडून चाललात?

नूतननं शेवटच्या रकान्यात 'सत्यशीला' एवढं टाइप केलं आणि आडनाव न लिहिताच हात मागे घेतला.

तीन वाजेपर्यंत हे नाव मॅनेजर अभिनव सरांना पाठवायचं होतं. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे अशा पेशंटांचे फोन घेणारी त्यांची सात जणांची टीम. कुणी गोंदियात, कुणी राजनांदगावात, कुणी अकोल्यात, आणि टीम लीडर नूतन भिलाईच्या हुडको वसाहतीत, वडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. घरून काम करणारी माणसं एकमेकांपासून तुटू नयेत म्हणून कंपनीनं भारी उपाय काढले होते. सोमवारी क्विझ, शुक्रवारी 'फन कॉल', कॅमेरा सुरू ठेवल्याचे गुण, हसरे चेहरे पाठवल्याचे वेगळे गुण. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याला या महिन्यात नारळ मिळणार होता.

सत्यशीलाचे गुण शंभरात अकरा होते. तीन वर्षांत तिचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. काळ्या चौकोनात एक पांढरा 'स', आणि मीटिंग संपताना एक अंगठा, बस. नूतनचे स्वतःचे गुण अठ्ठ्याण्णव होते, आणि तिला त्याचं थोडं कौतुकही होतं.

दौलतराव चहा घेऊन आले. पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर चौतीस वर्षं काढून रिटायर झालेले हे गृहस्थ मुलीच्या नोकरीकडे जरा संशयानंच पाहत. गेट नाही, भोंगा नाही, तरी पगार कसा येतो हे कोडं त्यांना अजून सुटलं नव्हतं.

"दोन वाजून राहिले. तुमची शिफ्ट बदलते ना आता?"

"हो."

"मंग सकाळचे दुपारच्याले काय सांगून जातात?"

"कायले सांगतील, बाबा? सकाळचे लॉगआउट करतात, दुपारचे लॉगइन. सिस्टममध्ये राहते ना सगळं."

दौलतरावांनी कप टेबलावर ठेवला.

"आमच्याकडे रिलीव्हर, पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याबिगर भट्टी सोडता येत नव्हती. तू झाली त्या दिवशी माहा रिलीव्हर दीड घंटा लेट. तुही माय दवाखान्यात अन मी तिथंच उभा. तो आल्यावर 'कसा आहेस' कोणी नाही इचारे. एकच इचारे, काय सोडून चालला? मंग सांगा लागे, कुठं पाणी गळून राहिलं, कुठं नजर ठेवाची."

स्क्रीनवर एकेक चौकोन उजळत होता. आज सोमवार. क्विझचा पहिला प्रश्न तयार होता, कोणत्या सहकाऱ्याला पाणीपुरी सर्वांत जास्त आवडते? तिनं तो बंद केला.

"आज क्विझ नाही. सकाळच्यांनी दुपारच्यांना सांगा, काय सोडून चाललात."

सगळे गोंधळले.

"सब ओके, मॅडम," सुनिता म्हणाली. राजकुमारनं अंगठा पाठवला.

मग काळ्या चौकोनातून एक बसका, संथ आवाज आला.

"राहुल, लिहून घे. तुमसरचे काका चार वाजता फोन करतील. मशीन बिघडली नसते त्यांची. काकू गेल्या तेव्हापासून रोज चारला करतात, मशीनचा आवाज ऐकवतात. 'बरोबर आहे, काका' म्हणायचं. फोन आपण नाही ठेवायचा, ते ठेवतील. वरोऱ्याच्या आजीले होल्डवर टाकू नको. लाइन गेली असं वाटते तिले, अन दम वाढते. पुलगावले आज तीन ते पाच लाइट नाही. त्या घरी भरलेला सिलिंडर नाही आहे. मेडिकलवाला अडीचला पोचवतो म्हणाला."

पुढं ती आणखी नऊ घरं सांगत गेली. कुठंही अडखळली नाही. दुपारच्या शिफ्टच्या राहुलनं वही शोधली, मग मान खाली घालून लिहीतच राहिला. नूतननं रकान्यातल्या नावाकडे पाहिलं. ही बाई इतक्या लोकांचे श्वास सांभाळून बसली होती आणि आपण तिचे अंगठे मोजत होतो.

"हे सिस्टममध्ये कुठंय, ताई?" राहुलनं विचारलं.

"तेवढा रकाना नाही तिथं."

"मग रोज दोननंतर तुम्ही काय करायचात?" नूतननं विचारलं.

"माझ्या फोनवरून विचारत राहते, मॅडम. संध्याकाळपर्यंत."

"आधी कावून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही. अन कॅमेऱ्याचं म्हणाल तर, इकडे नेटवर्क गच्चीवरच येते. कॅमेरा लावला की आवाज तुटते. पेशंटले आवाज पाहिजे."

दौलतराव कधीचे खुर्चीमागे उभे होते.

"तीन वर्षं झाले," ते हळूच म्हणाले, "हिचा रिलीव्हर आलाच नाही."

दोन कधीच वाजून गेले होते. सुनिताची शिफ्ट संपली होती, राजकुमारची संपली होती. पण एकही चौकोन विझला नाही. दोन चौतीसला राहुलनं पुलगावला फोन लावला, ऐकलं आणि मान वर केली.

"सिलिंडर पोचला, ताई. आता जा तुम्ही. मी आहे."

"जाऊ?" सत्यशीलानं विचारलं. मग काळा चौकोन नाहीसा झाला.

तीनला दहा कमी असताना अभिनव सरांचा फोन आला.

"नूतन, नाव पाठवताय ना?"

"सर, सत्यशीलाला काढलं तर तिची जागा तुम्हीच घेणार ना?"

"म्हणजे?"

दौलतरावांनी खुर्ची ओढली आणि मुलीशेजारी बसले. नूतननं थंड चहा बाजूला सरकवला.

"मग लिहून घ्या, सर. चार वाजता तुमसरचे काका फोन करतील."