खडूचा बाण

काचेवर सोडलेली गोळी सरळ घरंगळली नाही. लंगडत दोन वितींवर गेली आणि कुशीवर पडून राहिली. बाईंनी दुसरी सोडली. तिचीही तीच तऱ्हा.

पेंटबॉलच्या, म्हणजे खेळातल्या बंदुकीतून एकमेकांवर झाडायच्या रंगीत गोळ्यांच्या कारखान्यात बाई सव्वीस वर्षं तपासनीस होत्या. जिलेटिनच्या दोन ओल्या पट्ट्यांमध्ये घट्ट रंग भरून यंत्र भराभर गोळ्या कापायचं. त्या वाळल्या की खोक्यात. बनवणं सोपं, सांभाळणं कठीण, असं बाई म्हणत. दमट हवेत गोळीचं कवच फुगतं, थंडीत ठिसूळ होऊन बंदुकीतच फुटतं आणि एकाच कुशीवर पडून राहिली तर गोळी चपटी होते. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक खोकं उलटं करायचं. खोक्यावर खडूचा बाण असे. एका आठवड्यात सगळे बाण वर, पुढच्या आठवड्यात सगळे खाली. या हट्टापायी कारखान्यात त्यांचं नाव पलटीबाई पडलं होतं.

आईचं कमरेचं हाड मोडलं म्हणून त्या वीस दिवस रजेवर होत्या. आज कामावर परतल्याचा पहिला दिवस.

“बाण बघा की, बाई. वेळच्या वेळी फिरलेत,” गोदामवाला म्हणाला.

बाईंनी चष्मा सावरला. प्रत्येक बाणाच्या मागे जुन्या बाणाचा पुसट डाग होता.

“खोकी नाही फिरवलीत तुम्ही. बाण फिरवलेत.”

“तीनशे खोकी आहेत, बाई. माझी कंबर धरते.”

“खडू तेवढा हलका लागला.”

तेवढ्यात साहेब आले. ट्रक दारात उभा होता. खेळायला येणारी माणसं तशीही नेम चुकवतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. साहेबांना मागच्या शेडमध्ये नेलं, शिकंज्यात बंदूक अडकवली आणि पंचवीस पावलांवरच्या फळीवर आधी चांगल्या गोळ्या सोडल्या. सगळ्या ताटाएवढ्या जागेत फुटल्या. मग या खोक्यांतल्या सोडल्या. एक डावीकडे वळली, एक फळीवरून गेली, तिसरी नळीतच फुटली.

“वारा असेल,” साहेब म्हणाले.

“बंद शेडमध्ये?”

साहेबांनी माल पास केल्याचा कागद सहीसाठी पुढे केला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. शेवटी साहेबांनी ट्रक परत पाठवायला सांगितला, वर पलटीबाईंनी आणखी आठ दिवस रजा घेतली असती तर बरं झालं असतं, हेही सुनावलं.

रजा म्हणताच बाईंना घर आठवलं. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भिंतीवर त्यांनी तक्ता लावला होता. वळवलं की खूण करायची. आज ते धाकट्या भावाकडे होतं. दुपारी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “खुणा सगळ्या केल्यात, ताई. काळजी करू नकोस.”

आईला वळवलं, असं तो म्हणाला नव्हता.

बाईंनी अर्धी सुट्टी टाकली.

घरी पोचल्या तेव्हा पावणेचार झाले होते. भाऊ खुर्चीत पेंगत होता. तक्त्यावर सहा वाजेपर्यंतच्या खुणा होत्या, एका रांगेत, एका हाताने केलेल्या.

“सहाची पण?”

“विसरायला नको म्हणून आधीच करून ठेवली,” तो डोळे चोळत म्हणाला. “ती शांत झोपली होती गं, उगाच कशाला हलवायचं?”

आई सकाळी निजवली होती तशीच, भिंतीकडे तोंड करून. सकाळी घातलेली वेणी उशीवर जागची हलली नव्हती. बाईंनी खालची बाजू किंचित उचलून, गाऊन सारून पाहिलं. कमरेच्या हाडावर लालसर चकंदळ उमटलं होतं. बोट दाबून उचललं, तरी लाली हटली नाही.

बाईंनी पांघरूण बाजूला केलं.

“पायांकडून धर,” त्या भावाला म्हणाल्या.

दोघांनी मिळून आईला सावकाश दुसऱ्या कुशीवर घेतलं. बाईंनी पाठीमागे उशी लावली. आईने उजेडामुळे डोळे बारीक केले आणि समोर पाहत राहिली.

“अगं,” ती म्हणाली, “खिडकी उघडीच होती होय?”