कन्नडात वाच, आक्का

“आक्का, टेप सोडलासा काय?” ओमकारनं ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून हाक मारली.

मापाचा टेप हातातून कधी सुटला ते मालुबाईला कळलंच नव्हतं. ती वाकून बंधाऱ्याचा गिलावा नखानं खरवडत होती. सिमेंटचा पापुद्रा निघाला आणि आत काळा, शेवाळलेला दगड दिसला. त्या दगडावर तिनं लहानपणी धुणं धुतलं होतं. त्याच्यावरच पाय घसरून तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. शेजारच्या पाटीवर मात्र लिहिलं होतं: रोजगार हमी योजना, नवीन बंधारा, आणि तारीख गेल्या वर्षीची.

“माप बरोबर हाय न्हवं?” ओमकार पाण्यातून अलीकडं येत म्हणाला. तालुक्याच्या ऑडिट पथकाचा तो प्रमुख, पण वयानं मालुबाईच्या थोरल्या पोराएवढा.

“माप बरोबर हाय. बंधारा जुना हाय. मी जन्मायच्या आदीचा.”

“तुम्हाला काय म्हाईत?”

“हे माझं म्हायेर.”

ओमकारनं कपाळावर हात मारला.

सोशल ऑडिटचा नियम साधा होता. स्वतःच्या गावात ऑडिटला जायचं नाही. पण मालुबाईचं गाव म्हणजे कागदावर सदलगा, तिचं सासर. बाईचं गाव विचारताना जन्म कुठला हे कुणी विचारत नाही. यादीत बोरकुंडीचं, कर्नाटकाच्या हद्दीतल्या आपल्या मराठी माहेरचं, नाव ऐकून ती मनातून हरखली होती. चार दिवस माहेरच्या वाऱ्याला राहायला मिळेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. नवरा गेल्यावर निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबत तिनं दहावी केली, बचत गटातून ऑडिटचं ट्रेनिंग घेतलं. कधी नव्हे ते गळ्यात ओळखपत्र घालून माहेरी आली होती.

“आता मी ऐकलं ते ऐकलं,” ओमकार म्हणाला. “ऑडिटमधी अपहार दिसला की वर कळवायचं, आणि ग्रामसभेत वाचायचं. गप बसलो तर कायद्यानं मीबी गुन्हेगार. तुमचं म्हायेर हाय तेबी लिवतो. वाचायचं मी करू का?”

“बघू,” मालुबाई म्हणाली.

काम कुणी करून घेतलं होतं, ते तिला विचारावं लागलं नाही. पंचायतीचा मेंबर तिचा धाकटा भाऊ भावकू होता.

पथक शाळेत उतरलं होतं. दुपार कलताना भावकूची मोटारसायकल फाटकात येऊन थांबली.

“आक्का, म्हायेरात येऊन शाळेत झोपतीस? तुझी भावजय पूर्णिमा घरात रडाय लागलीया.”

“नियम हाय रं. मेंबराच्या घरात जेवायचं न्हाय.”

“मी तुझा मेंबर व्हय?” तो हसला. मग हसू गेलं. “बंधाऱ्याकडं गेलतीस म्हणं.”

“गेलते. भावकू, तू नुसतं सिमेंट फासलास त्येला.”

“गळत हुता. आता गळत न्हाय. पाणी थांबतंय का न्हाय? मग?”

“मग बाकीचं पैसं कुठं गेलं?”

भावकू मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत राहिला. “मेंबर हुयाला काय काय करावं लागतंय, तुला न्हाय कळायचं. लग्नापातूर तू मला कडेवर घिऊन फिरलीस. आता खड्ड्यात टाकणार व्हय?”

मालुबाईला बसवेना. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची.

“वाचू नको म्हणत न्हाय मी,” भावकू हळू आवाजात म्हणाला. “वाच. पण कन्नडात वाच, आक्का. कागद कन्नडातच हाय न्हवं? ते हापिसातलं कन्नड हितं कुणाला कळतंय? तुझा नियम ऱ्हाईल, आणि गावात माझं तोंड ऱ्हाईल. वरचं मी निस्तारतो.”

तो गेल्यावर तिनं पथकाची स्वच्छ भांडी पुन्हा घासली. पिशवी भरली, रिकामी केली, परत भरली. कन्नडात वाचण्यात चूक काय होती? सगळीकडं तसंच वाचत होते. अहवाल वर जाणारच होता. भावाला शिक्षा व्हायची ती होईल. फक्त चारचौघांत ती बहिणीच्या तोंडून होणार नाही. एवढी सवलत कुणाही बहिणीनं घेतली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या मंडपात सभा भरली. “मी वाचू?” ओमकारनं परत विचारलं.

“न्हाय, मीच वाचते.”

तिनं कन्नडात वाचलं. चांगलं ठणठणीत वाचलं. लोक आपापल्या बोलण्यात होते. कुणी तंबाखू मळत होतं, एकजण खांबाला टेकून घोरत होता. भावकू पुढच्या रांगेत मान खाली घालून, पण निवांत बसला होता. बंधाऱ्याचा भाग आला आणि गेला. कुणाची मानसुद्धा वर झाली नाही. शेवटचं पान उलटून मालुबाई खाली बसली.

“मालू,” बायकांतून आवाज आला. म्हातारी गुणाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठत होती. “मधी माझं नाव ऐकल्यागत झालं गं.”

मालुबाई मांडीवरची पानं सारखी करू लागली.

“उन्हाळ्यात कामाला गेलते, तर म्हणाले, ‘म्हातारे, तुझं वर्साचं शंभर दिवस संपलं.’ मी तर मातीची एक पाटीबी उचलली न्हवती. माझं दिवस कुणी खाल्लं, ते हाय व्हय त्यात?”

“आत्ती, वाचून झालं,” भावकू मागं न बघता म्हणाला. “बसा आता.”

“तुला न्हाय रं इचारत. लेकीला इचारते.”

मालुबाई उठली. कागद खुर्चीवरच राहिला.

“हाय, आत्ती,” ती मराठीत म्हणाली. “तुमचं नाव बंधाऱ्याच्या कामावर लावलंय. म्हणून तुमचं दिवस संपलं. ते काम झालंच न्हाय. बंधारा नवा न्हाय, आमच्या आप्पांनी आणि गावानं बांधलेला जुनाच हाय. वरनं सिमेंट लावलंय. हे काम मेंबर भावकू मष्णू खोत यांनी करून घेतलं.”

मष्णू हे आप्पांचं, वडलांचं नावही त्यात गेलं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

“म्हंजे दगूड आपलं आणि पाटी सरकारची!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. घोरणारा जागा झाला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. मग सगळे भावकूकडं बघू लागले आणि हशा विरला. गुणाबाई तेवढी हसली नव्हती. ती अजून उभीच होती.

ओमकारनं सभेचा ठराव लिहिला. एकेकजण सहीला येऊ लागला. मेंबरांची सही आधी.

भावकू टेबलाशी आला. मालुबाईनं आपलं पेन पुढं केलं.

“कुठं करायची सही, मॅडम?”

तिनं बोट ठेवलं. त्यानं सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. पेन परत घ्यायला तिनं हात पुढं केला होता. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि चपला शोधत मंडपाबाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, मग ओढ्याच्या बाजूला कमी होत गेला.

“पुढं या,” मालुबाई म्हणाली.

गुणाबाई पुढं आली. मालुबाईनं शाईची डबी उघडली, म्हातारीचा अंगठा शाईत टेकवला आणि कागदावर तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.