कडुनिंबाखालची हद्द

भूकरमापक म्हणून सहा वर्षं झाली, पण मितालीची एकही मोजणी अपिलात गेली नव्हती. त्यामुळे भावसिंग नावाच्या शेतकऱ्याचं वावर मोजायला ती ढाणकीकडे आली, तेव्हा शेजारच्या बांधावर आपणच रोवलेला हद्दीचा दगड आधाराला घ्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

दगडाच्या एका बाजूला हुस्नाबीचं वावर, दुसऱ्या बाजूला पंजाबरावांचं. मधे कडुनिंबांची दाट रांग. तिने उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रिसीव्हरची काठी दगडावर टेकवली. आकडे दीड वर्षापूर्वीच्या आकड्यांशी जुळेनात. सव्वा मीटरचा फरक. तासाभराने, उपग्रहांच्या जागा बदलल्यावर, पुन्हा पाहिलं. तेवढाच फरक.

तिने जुनी नोंद उघडली. त्या दिवशी बॅटरी पुरवायची म्हणून तिने रशियाचे, युरोपचे आणि चीनचे उपग्रह बंद ठेवून नुसत्या अमेरिकेच्या जीपीएसवर काम रेटलं होतं. पानांआडून पाचच उपग्रह दिसत होते. आकडा बराच वेळ ठरेना, मग एकदाचा ठरला, आणि तिने तो उचलला. पुन्हा तपासला नाही. आज सगळे मिळून एकवीस दिसत होते.

हुस्नाबीची सव्वा मीटर रुंद पट्टी पंजाबरावांकडे गेली होती, आणि हे मितालीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. भावसिंगचं वावर दुसऱ्या खुणेवरूनही मोजता आलं असतं. मिताली सावलीत बसून पाणी प्यायली. मग तिने हुस्नाबी आणि पंजाबराव दोघांनाही बोलावणं धाडलं.

"दगड तुम्हीच गाडला," पंजाबराव म्हणाले. "आता तुमचंच यंत्र दुसरं सांगून राह्यलं. उद्या तिसरं सांगीन. मी कायले आयकू?"

"ऐकू नका, बघा."

तिने यंत्रात जीपीएस सोडून बाकीचे उपग्रह बंद केले. आकडा भिंगरीसारखा फिरत राहिला. दोनदा ठरला, तो दोन वेगळ्या जागी. मग सगळे सुरू केले. मिनिटभरात ठरला. चारदा केलं, चारदा तिथेच.

"म्हंजे चूक तुमची होती."

"हो. माझीच."

हुस्नाबीने एका कडुनिंबाकडे बोट दाखवलं. "बाई, मी तवाच म्हनलं होतं, माहा मालक त्या झाडापावतर वखर फिरवत होता. तुम्ही म्हनलं, यंत्र खोटं बोलत नाही."

"म्हटलं होतं," मिताली म्हणाली.

तिने लेखी अहवाल दिला. तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वरिष्ठांनी फेरमोजणी केली आणि महिन्याभरात दगड सरकला. पट्टीत पंजाबरावांची तूर उभी होती. "पेरली त्यानं, सोंगू दे त्याले," हुस्नाबी म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

मिताली मात्र जुन्या नोंदी चाळत बसली. झाडांखाली, नुसत्या जीपीएसवर केलेल्या आणखी अकरा मोजण्या निघाल्या. यादी तिने साहेबांपुढे ठेवली.

"अकरा नोटिसा पाहिजेत का तुम्हाले?"

"फेरतपासणीला गाडी पाहिजे, सर."

गाडी आठ दिवसांनी मिळाली. पहिल्या चार ठिकाणी दगड बरोबर जागी होते. पाचवा नव्हता.