आवरलेली खोली

"उद्या तपासणी, आणि बारा नंबरची खोली अजून तशीच!" व्यवस्थापकबाईंनी कपाळाला हात लावला.

रस्त्यावर आयुष्य काढलेल्यांना या इमारतीत कायमची खोली मिळे, आणि औषधपाणी, कागदपत्रं, कामधंदा यांसाठी मदतीला माणसंही असत. समाजकार्य शिकणारी एक मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे कामाला आली होती. सगळे तिला 'कॉलेज'च म्हणत.

"मी आवरते ना!" कॉलेज म्हणाली. बाईंनीही गडबडीत दुसरी किल्ली काढून दिली.

बारा नंबरच्या मावशी दवाखान्यात गेल्या होत्या. कॉलेजने दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. पलंगावरच्या गादीचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं! दाराशी जमिनीवर पुठ्ठे अंथरलेले, शेजारी दोरीने एकमेकांना बांधलेली तीन पोती. पोत्यांत चिंध्या, बाटल्या, एक काळंठिक्कर पातेलं. तिने कंबर कसली. तासाभरात सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. फरशी लख्ख झाली, पलंगावर फुलाफुलांची चादर आली.

चार वाजता मावशी परतल्या.

"कशी वाटली खोली, मावशी?"

मावशी उंबऱ्यातच थिजल्या. मग आत येऊन हातातली किल्ली त्यांनी नव्या चादरीवर ठेवली.

"कुणाची खोली ही?"

"अहो, तुमचीच!"

"माझी असती तर मला विचारलं असतंस."

आणि त्या जिना उतरून निघून गेल्या!

कॉलेज जिन्यापर्यंत धावली, पण त्या दिसेनाशा झाल्या होत्या. नऊ वर्षांनी छप्पर मिळालेली बाई असं सोडून जाते?

व्हरांड्यात नळ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी सगळं ऐकलं होतं. तेही इथेच राहायचे.

"अकरा वर्षं फुटपाथवर काढली मी," पाना खाली ठेवत ते म्हणाले. "दर पंधरा दिवसांनी पालिकेची गाडी यायची. माणसं उतरायची, आमचं किडूकमिडूक उचलून फेकायची. ते शिव्या देत न्यायचे, तू हसत नेलंस. फरक तेवढाच."

"पण काका, मी चांगल्यासाठीच केलं!"

"शहर चांगलं दिसावं म्हणून तेही तेच करायचे, पोरी."

कॉलेजने उघड्या दारातून चादरीवरच्या किल्लीकडे पाहिलं.

"झोपेत कुणी नेऊ नये म्हणून पोत्यांची ती दोरी पायाला बांधून झोपायच्या त्या," मिस्त्री पुढे म्हणाले. "परवाच मला विचारत होत्या, गादीचं प्लास्टिक कापायला ब्लेड आहे का? स्वतःहून, चार महिन्यांनी! ते पुठ्ठे त्यांनीच टाकले असते गं. पण कधी, ते त्यांनी ठरवायचं होतं."

कॉलेजने खाली जाऊन हे सांगितलं, तेव्हा व्यवस्थापकबाईही ओशाळल्या. किल्ली तर त्यांनीच दिली होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्थानकामागच्या बाकावर मावशी सापडल्या. कॉलेज शेजारी बसली.

"मावशी, तुमच्या वस्तू मी न विचारता टाकल्या. माझं चुकलं."

"पातेलं?"

"तेही गेलं. मी कचरा डेपोवर जाऊन शोधलं. नाही मिळालं."

मावशींनी रस्त्याकडे नजर वळवली. "दिराने घराबाहेर काढलं ना, तेव्हा हातात तेवढंच होतं. चुलीवरून उतरवत होते." मग म्हणाल्या, "खोटं बोलली नाहीस, हे बरं केलंस. तपासणीचं काय झालं?"

"साहेब बारा नंबर उघडा म्हणाले. बाई म्हणाल्या, मालकीण घरी नाहीत, त्या आल्यावर या. दार उघडलंच नाही."

"काय म्हणाल्या? मालकीण?"

"हो. मालकीण."

मावशींनी तो शब्द पुन्हा एकदा हळूच उच्चारून पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चल. पण खोलीत यायचं नाही हं! मी अजून बोलावलेलं नाही."

"नाही येणार," कॉलेज म्हणाली, आणि डोळे पुसत त्यांच्या मागोमाग चालू लागली.

वाचकहो, आपणही कितीदा असंच करतो! गरजूला काय हवं ते आपणच ठरवतो, आणि वर त्याने आभार मानावेत अशी अपेक्षा धरतो. चार भिंती कुणालाही देता येतात. पण आत काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवायचा हक्क मिळतो तेव्हाच त्या भिंतींचं घर होतं. मदतीचा हात जरूर पुढे करा. पण त्याआधी विचारा.