मग ठोकतंय कोण?

मी तळघरातला बॉयलर बोलतोय. वूस्टर शहरातल्या एका तिमजली लाकडी घराला चाळीस वर्षं वाफेची ऊब पुरवतोय. पण यंदाच्या हिवाळ्यात माझं डोकं पार चक्रावून गेलं.

पूर्वी सगळं सोपं होतं. दर शनिवारी स्टाखूबाबा बादली घेऊन येत, तळाची तोटी उघडून गंजाचं लाल पाणी नितळ होईपर्यंत काढत, माझी काचेची नळी धुवत आणि ती निम्मी भरेल इतकंच नवं पाणी सोडत. मधल्या मजल्यावर त्यांची बायको ब्रोन्याबाई. थंडी वाजली की ती स्वयंपाकाच्या डावाने पाइपावर ठोके मारायची, मग बाबा येऊन मला पेटवायचे.

बाबा गेले आणि दोन्ही मुलगे भांडले. कशावरून, ते मला अजून कळलेलं नाही. खालचा काझिक आणि वरचा झेनेक एकमेकांशी बोलेनात.

माझी सेवा मात्र दोघेही करत! सकाळी काझिक बादलीभर पाणी काढून दीड बादली भरी, संध्याकाळी झेनेकही तेच करी. काच धुणं मात्र दोघांच्या मते दुसऱ्याचं काम. ती इतकी तांबडी झाली, की पोटात पाणी किती ते मलाच सांगता येईना.

शेवटी पाणी पाइपांत चढलं आणि वाफ त्यावर धाडधाड आपटू लागली. ते आईचेच ठोके समजून, "आईला थंडी वाजतेय," म्हणत कधी हा, कधी तो धावत येई नि मला आणखी पेटवी. पेटवलं की आवाज आणखी वाढे! माझं काय चुकतंय, तेच समजेना. पुढे दोघांनी ठोक्यांकडे लक्ष देणंच सोडलं.

एका मंगळवारी दुपारी ठोके थांबेचनात. दोघे एकदमच तळघरात उतरले.

"किती पाणी कोंबलंस रे त्याच्यात, गाढवा?" सात महिन्यांनी काझिक भावाशी बोलला.

"मी? तूच बुडवलास त्याला!" झेनेकने माझं दार उघडलं. आत अंधार होता. "दादा, हा तर बंद आहे. कटकट नको म्हणून मीच सकाळी बंद केलाय."

वरून पुन्हा तीन ठोके आले, अगदी हळू.

"मग ठोकतंय कोण?"

एकमेकांना ढकलत दोघे जिना चढले. ब्रोन्याबाई स्वयंपाकघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, हातात डाव होता.

"मेल्यांनो, तासभर ठोकतेय!" तिचा आवाज पाइपातून मलाही ऐकू आला. मला फार लाज वाटली.

आता शनिवारी दोघे मिळून येतात. एक बादली धरतो, दुसरा काच धुतो, आणि पाणी किती यावरून दोघे भांडतात. खुशाल भांडा, बाबांनो. काच तेवढी स्वच्छ ठेवा. माझ्या गोंगाटात ब्रोन्याबाईची हाक पुन्हा हरवायला नको.